सरांना वाटतं, मी जॅझ सोडतोय

वाचकाचा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात):

मी ३८ वर्षांचा, ठाण्यात राहतो. विशीपासून जॅझ गिटार वाजवतोय. एका गोवेकर पियानोवादक सरांकडे शिकलो; आज हातात जे काही आहे ते त्यांचंच. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी हॉटेलात वाजवतो, बाकी शिकवण्या. गेल्या पावसाळ्यापासून दोन तरुण मुलांबरोबर, एक बेसवर आणि एक ड्रम्सवर, गाण्याशिवायचं रॉक वाजवायला लागलोय. दोघं मेटल बँडमधून आलेले. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. पण सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, “एवढी वर्षं हार्मनी शिकलास ती दोन कॉर्ड बडवायला?” तेव्हापासून गिटार हातात घेतली की अपराधी वाटतं. बायको म्हणते, हॉटेलचं काम सोडू नकोस, बाकी तुझं तू ठरव. मुलं कधीकधी म्हणतात, “दादा, तू दर वेळी वेगळं वाजवतोस, आम्हाला यायचं कुठे तेच कळत नाही,” पण ते होईल हळूहळू. कार्यक्रम ठरवणारे विचारतात, गायक कुठाय? गायक घ्यावा का? या वयात रॉकचे श्रोते मला आपलं म्हणतील का? आणि ट्रिओला, म्हणजे आमच्या तिघांच्या बँडला, माझं नाव द्यावं की वेगळं? ताई, मी चूक करतोय का?

उत्तर:

चूक करत नाही आहात. हे आधीच सांगते, कारण या एका प्रश्नाच्या ओझ्याखाली तुमच्या पत्रातले बाकीचे प्रश्न दबून गेलेत आणि मला त्यांच्याबद्दलच जास्त बोलायचं आहे.

सरांचं वाक्य लागलं, ते साहजिक आहे. पण त्या वाक्यात एक गृहीत आहे आणि तुम्ही ते न तपासता उचललंय: जॅझ वरच्या मजल्यावर, रॉक खालच्या, आणि तुम्ही जिना उतरताय. मुंबईचाच इतिहास बघा. सरांच्या आधीच्या पिढीतले गोवेकर वादक रात्री ताजसारख्या हॉटेलांच्या बॉलरूममध्ये जॅझ वाजवत आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. ट्रंपेट वाजवणारे चिक चॉकलेट सी. रामचंद्रांबरोबर काम करत. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन केलं. त्यांचं हार्मनीचं, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीचं, शिक्षण फुकट गेलं असं आज कोण म्हणेल? त्या गाण्यांमधल्या व्हायोलिनच्या ओळी ऐकताना ते शिक्षणच तर ऐकू येतं. आणि धोबीतलावचं रंगभवन आठवा. १९७८ साली सुरू झालेला जॅझ यात्रा हा महोत्सव तिथे झाला आणि १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉकचा महोत्सवही तिथेच. एकाच उघड्या मंचावर.

आता थोडं लांबचं उदाहरण, पण तुमच्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जाणारं. १९५४ साली जॉनी स्मिथ या अमेरिकन जॅझ गिटारवादकाने ‘वॉक, डोन्ट रन’ नावाची रचना केली. एका जुन्या ऑपेरेटातल्या (हलक्याफुलक्या संगीतनाटकातल्या) गाण्याच्या कॉर्डांवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सूरगुच्छांवर, नवी चाल बांधलेली, म्हणजे जॅझची नेहमीची रीत. पुढे कंट्री संगीतातल्या चेट अ‍ॅटकिन्सने ती आपल्या बोटांच्या शैलीत वाजवली. ते रेकॉर्ड ऐकून वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा गावच्या, बांधकामावर काम करणाऱ्या दोन तरुणांनी ती उचलली, कॉर्ड कमी केले, चाल सरळ केली, खाली ड्रम्सचा ठसठशीत ठेका घातला. हा त्यांचा बँड म्हणजे द व्हेंचर्स. १९६० मध्ये ती रचना बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. गाण्याशिवायच्या रॉकचा पाया ज्या मोजक्या रेकॉर्डांनी घातला त्यांतली ही एक, आणि तिची चाल एका जॅझ गिटारवादकाची आहे.

ट्रिओबद्दलही तसंच. १९६६ साली लंडनमध्ये क्रीम आणि जिमी हेंड्रिक्स एक्सपीरियन्स हे दोन बँड काही महिन्यांच्या अंतराने उभे राहिले. रॉकमधला गिटार-बेस-ड्रम्स हा साचा लोकांच्या कानात बसला तो बराचसा या दोघांमुळे. क्रीमचे बेसवादक जॅक ब्रूस आणि ड्रमर जिंजर बेकर दोघंही जॅझमधून आलेले, आणि हेंड्रिक्सच्या मागे ड्रम्स वाजवणारा मिच मिचेल जॅझ ड्रमर एल्विन जोन्सचा चाहता. १९६९ मध्ये यॉर्कशरचा गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन न्यूयॉर्कला गेला तो जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसकडून आलेल्या ड्रमर टोनी विल्यम्सच्या ट्रिओत वाजवायला. ऑर्गन, ड्रम्स, गिटार, आणि आवाज असा की जॅझच्या कित्येक श्रोत्यांनी कानांवर हात ठेवले. तोच मॅक्लॉफ्लिन पुढे झाकीर हुसेनांबरोबर ‘शक्ती’ या बँडमध्ये अकूस्टिक गिटार घेऊन मांडी घालून बसला. तुम्ही ज्या दारातून आत शिरताय ते आधीपासून उघडं आहे, दोन्ही बाजूंनी.

पण पूर्वज सापडले म्हणजे काम झालं असं नाही. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही घाईत ओलांडून गेलात. “दादा, तू दर वेळी वेगळं वाजवतोस, आम्हाला यायचं कुठे तेच कळत नाही.” आणि पुढे तुमचं, “ते होईल हळूहळू.” माझ्या मते ते आपोआप होणार नाही. सरांच्या बोलण्यापेक्षा मुलांच्या बोलण्यावर झोप उडायला हवी, कारण तुमचा ट्रिओ टिकायचा की नाही ते यावर ठरेल.

जॅझमध्ये तुम्हाला वर्षानुवर्षं एक गोष्ट शिकवली गेली: जे एकदा वाजवलं ते तसंच पुन्हा वाजवायचं नाही. दुसऱ्या फेरीत कॉर्ड बदलायचा, ठेका सरकवायचा, मधला एखादा सूर गाळायचा. हे इतकं हाडात मुरलं की तेच ते वाजवण्याची लाज वाटायला लागते. रॉकमध्ये उलट. एक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरांचा तुकडा, आठ वेळा, सोळा वेळा, तसाच, तितक्याच जोराने आणि तितक्याच मनापासून वाजवावा लागतो. सातव्या वेळी तुम्ही कंटाळून त्यात एक छानसा पासिंग कॉर्ड (दोन कॉर्डांना जोडणारा मधला कॉर्ड) घातलात की ड्रमरच्या पायाखालची जमीन सरकते. तो बिचारा त्या रिफवर इमारत चढवत असतो.

यासाठी आपल्याकडे एक फार चांगला आदर्श आहे. स्वतंत्र तबलावादनात लेहरा धरणारा हार्मोनियम किंवा सारंगीवाला बघा. तीच सोळा मात्रांची ओळ, तासभर. तबलजी कायदे, रेले, गती, चक्रदार काय वाटेल ते करून येतो. लेहऱ्याला हलायची परवानगी नाही. आणि ज्याला संगीत कळतं तो जाणतो की चांगला लेहरा धरणं हे दुय्यम काम नव्हे. तुमच्या ट्रिओत ही जबाबदारी फिरती आहे. कधी बेस लेहरा धरेल आणि तुम्ही उडाल, कधी तुम्ही धराल आणि ड्रमर उडेल. आत्ता तुमच्याकडे तिघंही उडताहेत असं मला पत्रावरून वाटतं, किंवा मुलं जमिनीवर उभी राहून तुमची वाट बघताहेत.

तर महिनाभर एवढं करा. एक रिफ घ्या, चौसष्ट बार, म्हणजे चार-चार मात्रांची चौसष्ट आवर्तनं, वाजवा, काहीही न बदलता. फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. हात कुठे घाई करतो, कुठे ढिला पडतो, कुठे मन दुसरीकडे गेलं ते लगेच कळेल. मग तुमच्या प्रत्येक रचनेसाठी एक कागद करा. चाल किती वेळा, रिफ किती वेळा, सोलो कुठे, आणि सोलोतून बाहेर पडायची खूण कोणती. मोकळं सोडायची जागा एकच ठेवा, पण ती खरोखर मोकळी असू द्या. मुलांना कागद आवडणार नाही कदाचित, मेटलवाले सगळं पाठ करतात. पण मेटलमधून आलेल्या मुलांइतकी अवघड रचना चोख बसवण्याची शिस्त फार कमी जणांकडे असते. ती त्यांच्याकडून घ्या. इथे शिकवणारे ते आहेत.

लयीच्या झोल्याचंही बोलून घेऊ. जॅझमध्ये लय राइड सिंबलवर, म्हणजे ड्रमसेटच्या मोठ्या झांजेवर, चालते आणि तुमचा हात किंचित मागे रेलून वाजवायला सरावलेला असणार. या मुलांची लय किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काडीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) यांच्यात आहे, स्नेअर दोन आणि चारवर. सरळ रिफवर तुमचा तो रेललेला हात सुस्त ऐकू येईल. सोलोमध्ये हवा तेवढा रेला, तिथे तो गोडच लागेल. रिफमध्ये किकबरोबर पडा.

आता ‘दोन कॉर्ड बडवण्या’कडे येते. हार्मनी कमी करावी लागेल, पण त्याचं कारण आवाजाच्या गणितात आहे. डिस्टॉर्शन, म्हणजे रॉक गिटारचा तो फाटका, खरखरीत आवाज, चढवलं की तुम्ही वाजवलेल्या कोणत्याही दोन सुरांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी होऊन आणखी सूर तयार होतात. षड्ज-पंचमाचं प्रमाण २:३, त्यातून निघणारा वजाबाकीचा सूर खालच्या सप्तकातला षड्जच. म्हणून ती जोडी जाडजूड आणि स्वच्छ ऐकू येते. गिटारवरचा गंधार शुद्ध प्रमाणापेक्षा थोडा चढा असतो, त्यामुळे तिथपासूनच खरखर सुरू होते. आणि तुम्ही प्रेमाने बसवलेला सहा सुरांचा गुंतागुंतीचा थर्टीन्थ कॉर्ड वाजवलात तर निव्वळ चिखल. म्हणजे तुमची हार्मनी जायला हवी असं नाही, ती वाटली जायला हवी. मूळ सूर बेसला द्या. तुम्ही एका वेळी दोन सूर घ्या, त्यातही लांबच्या अंतरावरचे, दहाव्या सुरापर्यंत गेलात तरी चालेल. बेसने खालचा सूर बदलला की तुमचे तेच दोन सूर वेगळा कॉर्ड होतात. हे तुमच्याइतकं चांगलं कोण जाणणार? आणि पूर्ण कॉर्ड हवाच असेल तिथे गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण खाली घ्या. पेडल बंद करण्यापेक्षा ते जास्त संगीतमय होतं.

वाद्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण हॉटेलात पोकळ पोटाची जॅझ गिटार वाजवत असाल असं धरते. मोठ्या अ‍ॅम्पसमोर ती किंचाळणारच, तिचं पोकळ पोटच आवाज पुन्हा ओढून घेतं, त्यालाच फीडबॅक म्हणतात. गिब्सन कंपनीने १९५८ मध्ये ३३५ ही गिटार काढली ती मधोमध लाकडाचा सलग ठोकळा घालून, याच त्रासावरचा तोडगा म्हणून. जॅझ गिटारवादक जॉन स्कोफिल्ड अशाच अर्धपोकळ जातीची आयबनीझ गिटार वाजवत आलाय. पण लगेच खरेदी करू नका. आधी एखादी सॉलिड बॉडी, म्हणजे भरीव लाकडाची गिटार कोणाकडून तरी मागून आणा, तिच्यावर दहाच्या, म्हणजे बारीक तारा चढवा. बारा-तेराच्या जाड, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारांवर घडलेल्या बोटांना सुरुवातीला सगळं पातळ आणि निसरडं लागेल. खरा अभ्यास मात्र पुढे आहे. तार ओढून सूर गाठणं आणि तो लांबवर धरून त्यावर आंदोलन देणं. जॅझमध्ये तुम्ही वेगाने, पुष्कळ सुरांत बोललात. इथे एक सूर चार मात्रा उभा राहतो आणि सगळी खोली त्याच्याकडे बघते. ओढलेला सूर नेमका लागला का, ते त्याच पट्टीचा दाबून वाजवलेला सूर शेजारी ठेवून रोज तपासा. आणि न वाजणाऱ्या तारा दोन्ही हातांनी दाबून ठेवायची सवय लावा. स्वच्छ आवाजात त्यांचा गुणगुणाट कळत नाही, डिस्टॉर्शनमध्ये तोच पुढे येतो.

ट्रिओची कायमची अडचण म्हणजे तुम्ही सोलो घेतलात की खाली कोणीच नाही. हॉटेलात खाली पियानो असेल, इथे पोकळी आहे. पुष्कळजण घाबरून लूपर, म्हणजे वाजवलेलं रेकॉर्ड करून फिरवत ठेवणारं पेडल, आणतात. मी सुरुवातीला आणू नका म्हणेन, कारण लूपर आला की तिघांचं एकमेकांकडे बघणं थांबतं. सोलोत खुली तार वाजती ठेवा, दोन सुरी वाक्यं करा, बेसला थोडं डिस्टॉर्शन देऊन जाड होऊ द्या, आणि काही पोकळी तशीच राहू द्या. गिटारवादक वेन क्रँट्झ ऐका. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या ५५ बार या छोट्याशा जागेत तो गुरुवारी गुरुवारी ट्रिओ घेऊन वाजवायचा. टिम लफेव्हर बेसवर, कीथ कारलॉक ड्रम्सवर. तीन माणसांत किती जागा उरते आणि ती न भरता कशी वापरायची, हे त्या वादनात सापडेल. गिटारवादक बिल फ्रिसेलचं ड्रमर जोई बॅरन आणि बेसवादक कर्मिट ड्रिस्कॉलबरोबरचं वाजवणंही ऐका. फ्रिसेल जॅझ गिटारवादक जिम हॉलकडे शिकलेला, म्हणजे घराणं तुमच्या ओळखीचं. आणि याच फ्रिसेलने २०१४ मध्ये, साठी उलटल्यावर, आपल्या लहानपणीच्या गिटार-रॉकच्या धुनांचा पूर्ण अल्बम केला. तुम्ही अडतिसाव्या वर्षी वयाची चिंता करताय, म्हणून सांगितलं. रॉकचे श्रोते वय बघतात ते गायकाचं. वाजवणाऱ्याकडे ते कानाने बघतात, आणि हा माणूस आम्हाला खालचा समजून पाहुणा आलाय का, एवढं मात्र त्यांना पहिल्या दोन मिनिटांत कळतं. तुम्हाला आनंद होतोय म्हणालात. तो दिसेल.

गायक घेऊ नका, निदान वर्षभर तरी. गायक आला की तिघंही साथीदार होतात, आणि साथ करणं तुम्हाला आधीच उत्तम येतं. मग बदल कसला? पण कार्यक्रम ठरवणाऱ्यांच्या प्रश्नात तथ्य आहे, तो उडवून लावू नका. शब्द नसतील तर श्रोत्याने काय गुणगुणत घरी जायचं? तुमच्या प्रत्येक रचनेची चाल गाऊन बघा. तुम्हाला स्वतःला ती एका दमात गाता आली नाही तर ती चाल नाही, सोलोचा तुकडा आहे. पहिल्या कार्यक्रमासाठी चाळीस मिनिटं पुरेत, सहा-सात रचना, त्यातली एखादी लोकांच्या ओळखीच्या गाण्याची चाल. मराठी घ्या ना! भावगीताची चाल डिस्टॉर्शनमध्ये, शब्दांशिवाय, पूर्ण गांभीर्याने वाजवलेली मला फार ऐकायची आहे. रोजच्या कार्यक्रमांची जागा शोधताना रॉकच्याच ठिकाणांवर अडून बसू नका. कॉलेजांचे महोत्सव, छोटी नाट्यगृहं, संगीतशाळांचे हॉल इथे गाण्याशिवायचं ऐकणारे लोक बसून ऐकतात. उघड्यावर असेल तर रात्री दहाची मर्यादा धरूनच वेळ मागा, शेवटचा बँड म्हणून राहू नका.

हॉटेलबद्दल बायकोचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यात तुमच्यावर अविश्वास नाही. तीन संध्याकाळी हॉटेलात, ट्रिओची रिहर्सल आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी, आणि ट्रिओतून घरखर्चासाठी एक रुपयाही अपेक्षित नाही, असं निदान दोन वर्षं धरून चाला. हॉटेलचं वाजवणं तुमचे कान ताजे ठेवेल. सरांकडेही जात राहा. त्यांना पटवायला जाऊ नका. गिटार घेऊन जा आणि पूर्वीसारखं त्यांच्याबरोबर वाजवा. तुम्ही काही सोडलेलं नाही हे तुमच्या वाजवण्यातून त्यांच्यापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. नाहीच पोचलं तरी तुमचं त्यांच्यावरचं प्रेम आणि हा ट्रिओ एकाच आयुष्यात मावतात. कीर्तनाची पेटी सोडून कीबोर्डला बसलेले, भरतनाट्यममधून समकालीन नृत्यात गेलेले वाचक मला असंच लिहितात, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे: परवानगी मागत बसाल तर नातं आणि काम दोन्ही अवघडतील.

कानांचं मात्र आजच बघा. हॉटेलातून जॅमरूममध्ये येणाऱ्यांना याचा अंदाज नसतो. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेची शिफारस आहे की ८५ डेसिबलच्या आवाजात जास्तीत जास्त आठ तास राहावं, आणि दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. बंद खोलीतला ड्रमसेट तिथे सहज पोचतो. संगीतकारांसाठीचे प्लग मिळतात, सगळा आवाज सारखा खाली आणणारे; ते तिघांसाठी घ्या. मुलं हसतील, तरी घ्यायला लावा. आणि रिहर्सलनंतर कानात शीळ वाजत राहिली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायला टाळाटाळ नको.

राहिलं नाव. जॅझमध्ये ट्रिओ पुढाऱ्याच्या नावाने चालतो. बाकीचे दोघं बदलले तरी फलाणा ट्रिओ तोच राहतो. रॉकमध्ये लोक तिघांना मिळून ओळखतात आणि एक गेला की बँड बदलतो. तुम्हाला यांपैकी काय हवंय ते आधी स्वतःशी ठरवा. मला वाटतं वेगळं नाव घ्यावं, कारण ती मुलं तुम्हाला दादा म्हणतात आणि दादाच्या नावाच्या बँडमध्ये ती कधीच मनातलं बोलणार नाहीत. मग एका संध्याकाळी चहा घेऊन बसा आणि लिहून काढा: मानधनाचे तीन सारखे वाटे, पेट्रोल आणि जॅमरूमचं भाडं आधी वजा. चाल तुमची असेल तिथे संगीतकार म्हणून तुमचं नाव. बेसवाल्याच्या रिफमधून रचना उगवली असेल तिथे दोघांची, टक्केवारीसकट. रेकॉर्ड बाहेर यायच्या आत जे जे संगीतकार ठरतील त्यांनी आयपीआरएसचं, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्यावं आणि रचना नोंदवाव्यात. उद्या कोणी सोडून गेलं तर नाव आणि जुन्या रचना कोणाकडे राहणार, तेही त्याच कागदावर. तिघांच्या सह्या, तिघांकडे एकेक प्रत. हे पहिल्या कार्यक्रमाच्या आधी करा, कारण नंतर प्रत्येकाला आठवणारं वेगळं असतं.